पॅटर्न त्यांचा, फिक्श्चर कोणाचे?

प्रश्न : उद्यमबागेत आमची छोटी फाउंड्री आणि मशीनशॉप आहे. एका युरोपीय कंपनीसाठी आम्ही हायड्रॉलिक पंपाची बॉडी करून देतो. ड्रॉइंगवर ते केवळ भागाचा क्रमांक देतात, आतले भाग कोठे बनतात हे कळू देत नाहीत आणि मशीनिंगनंतर रिजेक्ट झालेले नग फोडून त्यांचे फोटो मागतात. गोपनीयतेचा करार झालेला असताना एवढा अविश्वास का? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : आपली नाराजी समजण्याजोगी आहे, परंतु करार मोडला गेल्यावर दावा लावून निकाल हाती येईपर्यंत नकली माल बाजारात विकूनही झालेला असतो, हे या कंपन्यांनी अनेक देशांत अनुभवलेले आहे. भारतात व्यापारी गुपितांसाठी अजून स्वतंत्र कायदा नाही. त्यांचे रक्षण करारावर आणि न्यायालयांनी मान्य केलेल्या तत्त्वांवर चालते. शिवाय 1872 च्या करार कायद्यातील कलम 27 मुळे नोकरी सोडलेल्या कारागिराला प्रतिस्पर्ध्याकडे जाण्यापासून सहसा अडवता येत नाही. म्हणून संपूर्ण पंप कोणा एकाच्या हाती पडू नये, अशीच कामाची वाटणी केली जाते.

फोडलेल्या नगाचे कारणही व्यवहारातलेच आहे. मशीनिंग झालेल्या बॉडीवर बोअरचे (आतल्या गोल भोकाचे) आणि पोर्टचे (तेल आत-बाहेर जाण्याच्या तोंडाचे) नेमके माप उतरलेले असते. ती भंगारात गेली, तर कोणीही माप घेऊन नक्कल करू शकतो किंवा तीच घासूनपुसून स्पेअर म्हणून विकू शकतो. आपल्याला तर ती फोडून आपल्याच भट्टीत टाकायची आहे. खर्च घणाच्या चार घावांचा.

पेटंटचा अर्ज साधारणतः 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो, त्यामुळे नुसत्या वस्तूवरून ओळखता न येणारी प्रक्रिया अनेक कंपन्या पेटंटऐवजी गुपित म्हणूनच जपतात. चीनमध्ये काम देताना जाणकार कंपन्या करार चिनी भाषेत आणि तिथल्याच न्यायालयाच्या कक्षेत करतात, कारण परदेशी निकालाची तिथे अंमलबजावणी होणे अवघड असते. अर्थात कुलूप कितीही पक्के असले तरी किल्ली माणसाच्याच हाती असते. अमेरिकन सुपरकंडक्टर या कंपनीने पवनचक्क्यांच्या नियंत्रणाचे सॉफ्टवेअर नीट जपले होते, तरी 2011 मध्ये ऑस्ट्रियातील तिच्याच एका कर्मचाऱ्याने ते सिनोव्हेल या चिनी ग्राहकाला दिले. सिनोव्हेल 2018 मध्ये अमेरिकेत दोषी ठरली, म्हणजे सात वर्षांनी.

राग बाजूला ठेवून आपण आपला करार मात्र पुन्हा वाचावा. पॅटर्नची, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात त्या त्यांच्या नमुन्याची, देखभाल आणि विमा कोणाकडे, गोपनीयता किती वर्षांची, आणि आपण स्वतः डोके लढवून केलेले फिक्श्चर (मशीनवर नग पकडून ठेवणारे साधन) कोणाच्या मालकीचे, हे त्यात स्पष्ट आहे का? शेवटचा मुद्दा आपल्याकडचे कारखानदार बहुधा वाचतही नाहीत, आणि काम बंद झाल्यावर पॅटर्नबरोबर फिक्श्चरही टेम्पोत चढते.