‘सभ्यता पाळावी’ हे आधी खोड

प्रिय,

तुझ्या ऑनलाइन ग्रुपच्या नियमांचा मसुदा रात्रीच वाचला. बावीस नियम! एवढे कुणी वाचणार नाही आणि भांडण पेटलं की तुलाही आठवणार नाहीत. सहा-सात पुरेत.

पहिला आधी खोड: ‘सभ्यता पाळावी’. सभ्य काय ते कोण ठरवणार? तूच. मग ज्याचं मत खटकतं तो उद्धट, आणि आपला माणूस तेच बोलला की ‘जरा तापट आहे हो’. माझा ग्रुप चालवताना मी हे केलंय. जुन्या मित्राच्या शिव्या चालवून घेतल्या आणि त्याच भाषेत उत्तर देणाऱ्या नव्या पोराला ब्लॉक केलं. बाकीच्यांनी ते बघितलं. चांगलं लिहिणारे चार-पाच जण न सांगताच निघून गेले.

म्हणून माणूस कसा आहे ते सोड, त्याने काय केलं ते लिही. जमेल तिथे मोजता येईल असं. इंग्रजी विकिपीडियावर एकाच लेखात २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्यांचे बदल उलटवले की ब्लॉक होण्याची वेळ येते, मग मजकुराबाबत तुमचं म्हणणं खरं का असेना. (उघड नासधूस काढली तर ती धरत नाहीत.) कोण बरोबर याचा निवाडा ॲडमिनला करावाच लागत नाही. नुसतं मोजायचं.

सगळंच मोजता येत नाही, हेही खरं. व्हिएतनाम युद्धातला १९७२चा फोटो तू पाहिला असशील, नापाम हल्ल्यातून विवस्त्र धावत येणारी मुलगी. २०१६मध्ये फेसबुकने तो नग्नतेच्या नियमाखाली काढला. नियम अक्षरशः पाळला गेला होता! बरीच ओरड झाल्यावर फोटो परत आला. तेव्हा अपवाद कोण करणार आणि त्याचं कारण कुठे नोंदवणार, ही एक ओळ मसुद्यात हवीच.

शिक्षेत तू थेट हकालपट्टीच लिहिली आहेस. सामायिक कुरणं, पाणी, मासेमारी लोक मिळून कशी सांभाळतात, याचा एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अभ्यास केला; २००९चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळालं. दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना दिसलं की पहिल्या चुकीला किरकोळ दंड असतो, मग तो चढत जातो. तूही आधी पोस्ट काढ आणि कोणत्या नियमाने काढली ते कळव, मग आठवडाभर म्यूट, मग बाहेर. जिवाची धमकी किंवा कुणाचा पत्ता-फोन उघडा पाडणं, याला मात्र पायऱ्या नाहीत.

आणि ज्याने पोस्ट काढली त्यानेच तक्रार ऐकायची नाही. तुम्ही तिघं ॲडमिन आहात, जमेल.

नवा मसुदा झाला की तुझ्या सगळ्यात जवळच्या मित्राच्या शेवटच्या पन्नास पोस्टना तो लावून बघ. किती काढाव्या लागल्या, ते मला कळव.

तुझा,
काका