आबांना सांगू की नको? ४४ व्या वर्षीची पहिली लढत

"मी पारोळा तालुक्यातला, गेली १६ वर्षं न्यू जर्सीत आहे. वय ४४, वजन ८१ किलो, काम बैठं. दोन वर्षांपासून इथल्या जिममध्ये जिउ-जित्सू (जमिनीवरच्या पकडी आणि गळा आवळण्याचे डाव) आणि बॉक्सिंग शिकतोय. ऑक्टोबरमध्ये माझी मिक्स्ड मार्शल आर्ट्सची, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र चालणाऱ्या खेळाची, पहिली अमॅच्युअर (हौशी) लढत ठरते आहे. बायको विरोध करत नाही, पण या विषयावर बोलतही नाही. मे महिन्यात पुतणीच्या लग्नासाठी तीन आठवडे एकटाच गावी येणार आहे. सराव तुटू द्यायचा नाही. आबा तरुणपणी यात्रांमधून कुस्त्या खेळलेले, आता ७५ वर्षांचे आहेत. त्यांना सांगू की नको? का लढत झाल्यावर फोटोच दाखवू?"

भाऊ, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. नंतर फोटो दाखवायचा बेत सोडून द्या.

मी चोपड्याला एका शाळेत क्रीडाशिक्षक होतो. पोरांना कुस्ती शिकवता शिकवता एका वर्षी यात्रेत स्वतःच उतरलो. वय ४१. घरी सांगितलं नव्हतं. समोरचा पंचविशीतला पोरगा, त्याने मला उचलून टाकलं आणि माझं गळ्याजवळचं हाड मोडलं. बातमी माझ्याआधी घरी पोचली, आणि तिथवर जाईपर्यंत हाडाची मान झाली होती. "गुरुजींची मान मोडली" हे ऐकून बायको अनवाणी दवाखान्यात आली. हाड दीड महिन्यात जुळलं. "मला का नाही सांगितलं?" हा तिचा प्रश्न मात्र आमच्या घरात पुढची कितीतरी वर्षं होता. त्या कुस्तीत हरल्याचं मला दुःख नाही. तिला त्या पायांनी धावत यावं लागलं, याचं आहे.

म्हणून तुम्हाला लढू नका असं म्हणत नाही. लढा. चव्वेचाळिशीत माणसाने अंग घामाने भिजवावं, नवं काही शिकावं, जरा भीती वाटेल अशा जागी उभं राहावं, हे मला मनापासून आवडतं. पण थांबायचं कधी, हे ठरवायचं काम तुमच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवू नका. ते दुसऱ्या कुणाला तरी आधीच देऊन ठेवा.

आपल्याकडच्या दंगलीत जोड कोण लावतं ते आठवा. रेवड्यांवरच्या चिमुरड्या पोरांपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत जोड वस्ताद आणि पंच बघतात. वय, वजन, कुणाच्या अंगात किती पाणी आहे, हे पाहून हात मिळवू देतात. तुमच्या प्रशिक्षकांनाही हेच विचारा. समोरचा किती वर्षांचा? आधी किती लढती लढलाय? शाळा-कॉलेजात कुस्ती खेळलेला आहे का? अमेरिकेत असे पुष्कळ असतात, आणि पहिल्या लढतीतला २२ वर्षांचा कुस्तीगीर हा नवखा नसतो. जोड पटली नाही तर नाही म्हणा. जो प्रशिक्षक त्यावर नाराज होईल, त्याच्या हाती स्वतःला देऊ नका.

आता डॉक्टरांकडचं. एचआयव्ही आणि कावीळ बी, सी यांच्या रक्ततपासण्या बहुतेक ठिकाणी लढतीआधी मागतातच. तेवढ्यावर थांबू नका. आपल्या दक्षिण आशियाई माणसांत हृदयविकार आणि मधुमेह लवकरच्या वयात दिसतात, आणि तुमचं काम बैठं आहे. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल बघून घ्या, आणि हृदयाची ट्रेडमिलवरची तपासणी करावी का हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. 'व्यायाम करतो' एवढंच सांगू नका, 'डोक्यावर ठोसे बसणार आहेत' असं सांगा. चष्म्याचा उणे नंबर मोठा असेल तर बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासून घ्या, कारण अशा डोळ्यांत पडदा सुटण्याचा धोका मुळातच जास्त असतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, अगदी रोजची ॲस्पिरिनसुद्धा, तर ती लपवू नका. वयाबरोबर मेंदू थोडा आकसत जातो, त्याच्यावरच्या बारीक शिरा ताणल्या जातात, आणि डोक्यावरच्या माराने आतल्या आत रक्तस्राव होण्याचा धोका वाढत जातो. त्यात रक्त पातळ असलं तर खेळ गंभीर होतो.

डोक्याला जोराचे ठोसे बसतील असा सराव आठवड्यातून एकदाच ठेवा, आणि लढतीआधीचे दहा दिवस अजिबात नको. सरावानंतर डोकं दुखलं, मळमळलं, उजेड सहन होईना, मधलं काही आठवेना, तर त्याच दिवशी थांबा आणि डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत चटईवर पाय ठेवू नका. इथे तुमच्या गल्लीत हाक मारली की दहा माणसं येतात. तिथे रात्री दोन वाजता उलटी झाली तर गाडी कोण चालवणार, मुलांजवळ कोण थांबणार, हे लढतीच्या तारखेआधी ठरलेलं असू द्या. विम्याचे कागदही काढा. पुष्कळ पॉलिसींत अशा खेळांना वेगळी अट असते.

वजनाबद्दल माझं मत ठाम आहे. पाणी तोडून, सॉनात बसून किलो उतरवण्याच्या भानगडीत पडू नका. व्यावसायिक खेळाडू करतात म्हणून आपण करायचं कारण नाही. सुकलेल्या शरीराने डोक्यावर मार घेणं धोक्याचं आहे आणि मूत्रपिंडांवरही ताण येतो. वेल्टरवेट या वजनगटाची मर्यादा १७० पौंड, म्हणजे साधारण ७७ किलो. तुम्ही ८१ वर आहात. मेपासून ऑक्टोबरपर्यंत हळूहळू उतरलं तर उतरलं, नाहीतर वरच्या गटात लढा.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. तुम्ही पैलवानाचे पोर आहात, लहानपणी आखाड्यातली माती लागली असणारच. ती माती तुमची ताकद आहे, आणि दोन ठिकाणी तीच घात करेल. कुस्तीत पाठ टेकली की संपलं. म्हणून खाली गेलेला माणूस चीत होऊ नये म्हणून आपसूक पालथा होतो. या खेळात पाठ टेकल्याने कुणी हरत नाही, पण पालथा झालात की पाठ समोरच्याच्या ताब्यात जाते आणि मागून त्याचा हात गळ्याभोवती येतो. दुसरं, दुहेरी पट काढताना, म्हणजे समोरच्याचे दोन्ही पाय धरून पाडताना, मान खाली गेली की तो तीच मान काखेत धरून आवळतो. मातीवर गळा आवळायला बंदी असते, म्हणून तिथे ही सवय खपून जाते. दोन्ही सवयी मोडायला महिने लागतात. प्रशिक्षकांना सांगा की मला याच दोन जागी पुन्हा पुन्हा अडकवा.

आणि थाप मारायला शिका. गळा आवळला किंवा कोपर उलटं वळलं की समोरच्याच्या अंगावर दोनदा हात थोपटायचा, लढत तिथेच थांबते. मातीत वाढलेल्या माणसाला ही थाप फार जड जाते, शरण गेल्यासारखं वाटतं. पण कोपराचा सांधा एकदा निखळला की चव्वेचाळिशीत तो पूर्वीसारखा होईलच असं नाही, आणि सोमवारी तुम्हाला त्याच हाताने काम करायचंय. रोजच्या सरावात लवकर थाप मारा, म्हणजे लढतीत हात आपोआप उठेल.

गावच्या तीन आठवड्यांची काळजी करू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. पहाटे पाचला बाहेर पडा, साडेसहाला घरात या. बांधावरून धावा, जोर-बैठका मारा, गावात आखाडा चालू असेल तर पोरांबरोबर नुसत्या पकडीचा सराव करा, जोर लावून कुस्ती नको. मीठ-साखरेचं पाणी, ताक जवळ ठेवा. दुपारी पत्र्याखाली घाम काढायचा उद्योग करू नका, उष्माघात इथे माणसं मारतो. ठोशांचा सराव तीन आठवडे नाही झाला तर काही बिघडत नाही, उलट मेंदूला आराम मिळतो.

जेवणाचं विचाराल तर कळण्याची भाकरी आणि भरीत खा, सोबत अंडी, मोड आलेली मटकी, दही. मांसपेशी टिकवायला या वयात प्रथिनं जास्त लागतात, दर किलो वजनाला दीड ग्रॅमच्या आसपास धरा. लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी येईल तेव्हा ताट बाजूला सारू नका. माय "जेवी ले रे भाऊ" म्हणेल, तर जेवा. लढतीला पाच महिने आहेत.

तुमच्या पत्नी गप्प आहेत, हे मात्र मला बरं वाटत नाही. तो होकार समजू नका. त्यांना एका शनिवारी जिममध्ये घेऊन जा, पण दाखवायला नव्हे. प्रशिक्षकांसमोर बसू द्या आणि तुम्ही बाहेर थांबा. त्यांना जे विचारायचंय ते विचारू द्या. मग घरी येऊन एकच सांगा: तारखेच्या आदल्या रात्रीपर्यंत, कुठलंही कारण न देता, तू नको म्हणालीस तर मी उतरणार नाही. हे खरं म्हणत असाल तरच म्हणा.

आणि आबा. लग्नाच्या गर्दीत सांगू नका, गर्दीतून जाताना बातमीचं काय होतं ते मी भोगलंय. आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत, पहाटे धावून आलात की ते ओट्यावर चहा घेत असतील, तेव्हा शेजारी बसा. 'पिंजरा' या शब्दाने सुरुवात करू नका. नियमांपासून करा: अमॅच्युअरमध्ये बहुधा तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये मिनिटभर विश्रांती, कोपराने मारायला सहसा बंदी, पंच जवळ, डॉक्टर बाजूला. या खेळाचे अमेरिकेतले नियम २००१ च्या सुमारास तुमच्या न्यू जर्सीतच बांधले गेले, तेही सांगा. मग जाळी कशाला, तर कुणी बाहेर फेकलं जाऊ नये म्हणून. यात्रेत ते काम माणसांचं कडं करतं, आबांना चटकन कळेल.

ते रागावतील कदाचित. दोन दिवस बोलणारही नाहीत. घाई करू नका, तीन आठवडे हातात आहेत. मायला आबांकडून कळू द्या, की तुम्ही सांगायचं, तेही त्यांनाच विचारा. मग एका संध्याकाळी मोबाईलवर तुमच्या सरावाचा व्हिडिओ लावून त्यांच्या हातात द्या आणि विचारा, "आबा, पट काढताना माझं कुठं चुकतं?" ते दाखवायला उठले तर अंगणात आधी पाणी शिंपडलेलं नाही ना, एवढं बघा. ७५ वर्षांचा पाय घसरायला नको.