‘डझन’ म्हणजे १२, मग ‘डझन्स ऑफ पीपल’ म्हणजे किती माणसं?

मोजायला जाऊ नका. ‘डझन्स ऑफ’चा अर्थ ‘कितीतरी’ एवढाच. भाषांतरात तिथे ‘डझनभर माणसं’ लिहिणं मला चूक वाटतं, कारण मराठीत डझनभर म्हणजे बाराच्या आसपास.

एरवी मात्र डझन म्हणजे नेमके १२. फ्रेंचमधून इंग्रजीत गेलेला हा शब्द आपल्या बाजारात असा रुळला की केळी, अंडी, हापूस डझनाच्या भावाने मिळतात. १२ची खरी गंमत वाटणीत आहे: २, ३, ४, ६, कशानेही पूर्ण भाग जातो. त्यामुळे पाव डझन मागितलं तरी फळ कापावं लागत नाही! १२ डझनांचा एक ग्रोस, म्हणजे १४४. ‘बेकर्स डझन’ म्हणजे मात्र १३.