टपाला भोक न पाडता बोलेरोवर ५० वॅटच्या सेटचा अँटेना कसा बसवावा?

तुम्ही घणसोलीहून दोन गोष्टी विचारल्या आहेत. १४५ मेगाहर्ट्झच्या ५० वॅटच्या हॅम रेडिओ (हौशी वायरलेस) सेटला ३ डीबीचा (डीबी म्हणजे सिग्नल किती वाढतो किंवा घटतो ते मोजायचं माप) अँटेना घ्यावा की ६ डीबीचा, आणि टपाला भोक न पाडता तो मागच्या बंपरवर ब्रॅकेट लावून बसवला तर चालेल का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: बंपरवर लावू नका. पहिल्या प्रश्नावर डोकं शिणवू नका, कारण जागा चुकली की खोक्यावरचा डीबीचा आकडा काही कामाचा राहत नाही.

गाडीवर काडी दिसते तो अर्धाच अँटेना असतो. उरलेला अर्धा म्हणजे तिच्याखालचा पत्रा. १४५ वर क्वार्टर वेव्हची, म्हणजे लहरीच्या पाव लांबीची, काडी साधारण ४९ सेंटिमीटर भरते आणि तिला चहूबाजूंनी तेवढाच पत्रा लागतो. टपाच्या मधोमध तो आयता मिळतो. बंपरवर काडीखाली पत्रा नसतो, उलट मागचं दार काडीला समांतर उभं राहतं. त्याने ट्यूनिंग बिघडतं आणि समोरची दिशा गाडीच्याच अंगाखाली झाकली जाते.

ठाण्यातल्या आमच्या ग्रुपच्या बोलेरोवर नेमकं हेच केलं होतं. भोक पाडायचं नाही म्हणून बंपरला पट्टी, तिच्यावर १३० सेंटिमीटरचा फाइव्ह बाय एट (लहरीच्या पाच-अष्टमांश लांबीचा अँटेना), आणि तिथून डॅशबोर्डपर्यंत पाचेक मीटर आरजी-५८ केबल. बसवल्या दिवशी मीटरवर एसडब्ल्यूआर २.२ आला. अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते ते हा आकडा सांगतो, १ च्या जितका जवळ तितका चांगला. फिटरने केबल थोडी थोडी कापून आकडा खाली आणायचा प्रयत्न केला. तसा तो येत नसतो. बिघाड अँटेनाशी असतो, केबलची लांबी बदलून मीटरचा काटा हलतो, अँटेना आहे तिथेच राहतो. पाम बीच रोडवर यू-टर्न घेताना हे कानांना कळायचं: गाडीची पाठ ठाण्याकडे असेल तर आवाज स्वच्छ, तोंड ठाण्याकडे वळलं की खरखर. पारसिकच्या डोंगरापलीकडे शीळफाट्यावर गाडी गेली की तर फक्त कॅरिअर उघडल्याचं, म्हणजे समोरून कुणीतरी सेट दाबल्याचं, कळायचं, शब्द लागायचे नाहीत.

पावसाळा संपला आणि तोच मीटर १.३ दाखवायला लागला. आमच्यातले एक ज्येष्ठ हॅम म्हणाले, "बघा, बसला आपोआप. आता कशाला टपाला हात लावता?" आणि त्या १.३ वर ती गाडी पुढे कितीतरी महिने तशीच फिरली. आवाज मात्र पहिल्यापेक्षा पडला होता.

शेवटी बंपरपाशी केबल सोडवली, तिथे वॉटमीटर आणि डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावला. सेट ५० वॅट देत होता, टोकाला १४ पोचत होते. केबलचं वरचं काळं आवरण चिरलं तर तांब्याची जाळी बेसपासून दोन-अडीच मीटरपर्यंत काळी-हिरवी. बेसखालच्या पीएल-२५९ कनेक्टरला साधी पीव्हीसी टेप गुंडाळलेली होती. उन्हाने तिचा गोंद सुटला, चाकाने उडवलेलं पाणी आत गेलं आणि वातीत तेल चढावं तसं जाळीतून वर चढलं. अशी केबल जाताना पॉवर खाते आणि अँटेनाकडून परत येणारीही खाते. परत आलेली मीटरपर्यंत पोचतच नाही, म्हणून मीटर खूश. अँटेना आधीइतकाच वाईट होता, फक्त त्याची तक्रार ऐकू येईनाशी झाली होती. म्हणून सांगतो, नुसता एसडब्ल्यूआर पाहून अँटेना पास करू नका. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आसपास, केबलच्या टोकाला किती वॅट पोचतात ते मोजा. पाच मीटर चांगली आरजी-५८ या फ्रिक्वेन्सीला सुमारे १ डीबी खाते, म्हणजे ५० चे ४० होणार. त्याखाली गेलं की केबल बदला, डागडुजी करत बसू नका.

त्या बोलेरोला मग टपाच्या मधोमध एनएमओ बेस (भोकात आवळून बसणारा अँटेनाचा तळ) बसवला. पद्धत अशी:

केबिन लाइट काढा. बहुतेक गाड्यांत लाइटच्या त्या पोकळीतूनच लायनिंग आणि टप यांच्यामध्ये हात जातो. वर दोन्ही बाजूंनी माप घेऊन मध्य काढा, खाली आडवी पट्टी नाही ना ते बोटांनी चाचपा, आणि पत्र्यावर उठवलेल्या घडीवर न येता सपाट जागा धरा. मास्किंग टेप चिकटवा, सेंटर पंच मारा, ३ मिलिमीटरचं भोक पाडून मग १९ मिलिमीटरचा होल सॉ कमी स्पीडवर चालवा. पत्रा पातळ असतो, जोर दिलात तर होल सॉ धाडकन आत जाऊन लायनिंग फाडतो, म्हणून खाली कुणाला तरी पुठ्ठा धरायला लावा. कीस चुंबकाने आणि ओल्या फडक्याने लगेच उचला. राहिलेला प्रत्येक कण पहिल्या पावसात रंगावर गंजाचा ठिपका होतो.

आता खरं काम. भोकाच्या कडेची धार गोल कानशीने मारा, कडेला प्रायमर लावा. पण पत्र्याच्या खालच्या बाजूला, जिथे बेसचे दात टेकतात, तिथला रंग खरवडून पत्रा उघडा करा. तिथेच जाळीची अर्थिंग होते. वरचा रंग मात्र शाबूत ठेवा, कारण त्यावर रबरी रिंग बसून पाणी अडवते. रिंगला सिलिकॉन ग्रीस पुरेसं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे अजिबात भरू नका, त्यातलं अॅसिड तांबं खातं. बेस हाताने आवळून वर पान्याने थोडाच फिरवा. मल्टिमीटरवर जाळी ते बॉडी एका ओहमच्या आत आली पाहिजे. साधा क्वार्टर वेव्ह असेल तर मधली पिन ते जाळी पूर्ण उघडी दिसली पाहिजे. कॉइलवाल्या काही अँटेनांत ती शॉर्ट दिसते, तो दोष नव्हे.

काडी कापायला गाडी उघड्या मैदानात न्या, सोसायटीच्या पत्र्याच्या शेडखाली नाही. दारं बंद ठेवा. आधी सगळ्यात कमी एसडब्ल्यूआर कुठल्या फ्रिक्वेन्सीला येतो ते शोधा. आमची ५१ सेंटिमीटरची काडी १३९ वर बसत होती, सेट बँडबाहेर पाठवत नाही म्हणून हे अँटेना तपासायच्या अॅनालायझरने पाहिलं. ५१ गुणिले १३९ भागिले १४५, म्हणजे ४९ च्या जवळ. दीड सेंटिमीटर कापली, उरलेलं ३-३ मिलिमीटरने. कापलेलं परत जोडता येत नाही. शेवटी १.२ आला, नव्या चार मीटर केबलच्या टोकाला ४१ वॅट, आणि यू-टर्नमध्ये आवाजात फरक नाही. अँटेना बंपरवाल्यापेक्षा निम्म्याहून आखूड, खोक्यावर डीबीचा आकडाच नाही.

त्यामुळे ३ की ६ याचं माझं उत्तर: पहिल्यांदा क्वार्टर वेव्हच घ्या. सपाट मैदानात, रिपीटरशिवाय, समान फ्रिक्वेन्सीवर गाडी ते गाडी लांब बोलायचं असेल तर फाइव्ह बाय एटला टपावर खरा फायदा मिळतो. पण येऊर, पारसिक, खारघर असे डोंगर आजूबाजूला असताना आणि रिपीटर (आलेला सिग्नल पुन्हा पुढे पाठवणारं केंद्र) उंचावर असताना वर पाहणारा क्वार्टर वेव्ह कमी पडत नाही. शिवाय बोलेरो स्वतःच सहा फुटांच्या वर आहे. त्यावर १३० सेंटिमीटरची काडी हाइट बॅरिअरला आणि बेसमेंट पार्किंगच्या पाइपांना रोज घासणार, आणि वेगात ती मागे झुकली की सिग्नलही झुकतो.

भोक नाहीच म्हणालात तर मॅग्नेट. मोठा, किमान १२ सेंटिमीटरचा घ्या आणि टपाच्या मधोमधच ठेवा. रंगावरूनही पत्र्याशी जोड होते, १४५ ला ती चालून जाते. दर आठवड्याला उचलून खालून पुसा. खाडीकाठच्या हवेत मॅग्नेटखाली मीठ आणि धूळ साचून रंगावर गोल चट्टा पडतो. केबल दाराच्या खालच्या कोपऱ्यातून आत घ्या आणि बाहेर तिला लोंबता वळसा ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. बिजागरीच्या बाजूने घेऊ नका, तिथे ती चिरडते. मॅग्नेटसोबत आरजी-१७४ ची दोऱ्यासारखी केबल आली असेल तर ती आरजी-५८ च्या जवळजवळ दुप्पट खाते, हे धरून चाला.

पॉवर सिगरेट सॉकेटवरून घेऊ नका. ५० वॅटला दहा-अकरा अँपिअर लागतात. बॅटरीपासून थेट ४ स्क्वेअर एमएमची वायर, बॅटरीपाशीच फ्यूज, फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात) वायरभोवती ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं.

राहिलेल्या दोन गोष्टी. गाडीला बाजूचे पडदा-एअरबॅग असतील तर पिलरमधून केबल नेताना ती एअरबॅगच्या मागून जाऊ दे, पुढून कधीच नाही. खात्री नसेल तर ते काम गाडीच्या वर्कशॉपमध्येच करून घ्या. आणि टप काचेचा असेल तर वरचं बरंचसं लागू नाही, तिथे बॉनेटच्या कडेचा ब्रॅकेट बरा.

गाडी विकताना भोकामुळे भाव पडतो, हे ते ज्येष्ठही म्हणायचे. काडी काढली की एनएमओवर रबरी रिंगचं झाकण बसतं, पाणी जात नाही. बेसच काढायचा असेल तर १९ मिलिमीटरचा रबरी बूच मिळतो. बंपरच्या पट्टीने त्या बोलेरोच्या मागच्या पत्र्याला मात्र चार भोकं पाडली होती, आणि त्यातलं एक आज गंजून बोट जाईल एवढं झालंय.