स्टोकसेची देवडी कशी बघावी

जुन्या इंग्लिश वास्तू बघायला नुकतीच सुरुवात केली असेल, तर श्रॉपशायरमधल्या स्टोकसे कॅसल या तटबंदीच्या वाड्याच्या देवडीपाशी निवांत थांबा. पहिली चूक इथेच होते: वाडा आणि देवडी एकाच काळातली वाटते. लोकरीचा व्यापारी लॉरेन्स ऑफ लडलो याला या वाड्याच्या तटबंदीचा परवाना मिळाला १२९१ साली. ही लाकडी देवडी १६४०-४१ च्या सुमाराची. ती लढाईसाठी नाही, रुबाबासाठी.

दारावरचे कोरलेले ॲडम आणि ईव्ह जरूर बघा, पण मग नजर सांध्यांकडे वळवा. अशा बांधकामात ओक ओलाच, म्हणजे न सुकवलेला, वापरत; तो सुकताना आवळतो आणि लाकडी खुंट्या सांधा धरून ठेवतात. रिकामं खाचभोक (दुसऱ्या लाकडाचं टोक बसवायची खाच) दिसलं तर तिथलं लाकूड काढलंय किंवा तुळई दुसरीकडून आणलीय. त्यामुळे एकाच तुळईवरून अख्ख्या इमारतीचं वय ठरवू नका.

काळं लाकूड आणि पांढरा गिलावा म्हणजे अस्सल जुनं, हाही गैरसमजच. ती बरीचशी एकोणिसाव्या शतकातली आवड. इथला गिलावा पिवळसर आहे.

आणि लाकडांमधल्या चौकटीत सिमेंट दिसलं, तर खालची आडवी तुळई आधी तपासा. ओक हलतो, कडेला केसाएवढी फट पडते, पाणी आत शिरतं आणि सिमेंटमुळे सुकत नाही. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो.