टेबलटॉप रोलप्लेइंग गेमच्या पुस्तकात चित्रांना एवढं महत्त्व का देतात? नियम चांगले असले की पुरे नाही का?

नाही, पुरे नाही. "नियम चांगले असले की पुरे" हे मी एका जवळच्या मित्राच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की तुमचा प्रश्न बघून गप्प बसवेना.

आमचा पाच जणांचा गट होता. बाकीचे एकेक पात्र होऊन खेळायचे; गोष्ट सांगून खेळ चालवणारा, म्हणजे गेम मास्टर, मी. एकदा एक पातळसं साहसाचं, म्हणजे खेळायच्या तयार गोष्टीचं, पुस्तक मी निव्वळ आतल्या एका चित्रासाठी घेतलं. पानभर चित्र, नुसती काळी शाई, उभ्या-आडव्या रेघांनी दिलेल्या छटा. गोल जिना खाली उतरतोय, सातव्या-आठव्या पायरीपासून सगळं पाण्यात, आणि पार तळाशी, पाण्याच्या आत, एक कंदील पेटलेला. चित्रकाराने उजेड काढलाच नव्हता. कंदिलाभोवतीचा कागद तेवढा कोरा सोडला होता. शेजारच्या मजकुरात इतकंच: जिना बुडालेला आहे, पाणी गार आहे, खाली दार आहे. कंदिलाचा शब्दही नाही.

मी पुस्तक फिरवून सगळ्यांसमोर धरलं. तोवर दोघं मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. एकीने विचारलं, "हा पेटवला कोणी?" आणि पुढचा पाऊण तास फाशांना कुणी हात लावला नाही. कुणी म्हणे खाली हवा असणार, कुणी म्हणे हे आमिष आहे. चोराचं कॅरेक्टर खेळणाऱ्याने दोरीला दगड बांधून पाण्यात सोडला.

तेवढ्यात मित्र म्हणाला, "मजकूर वाच. कंदील लिहिलाय का?"

"नाही."

"मग कंदील नाही. चित्रं पानं भरायला असतात."

मी म्हटलं, माझ्या टेबलावर कंदील आहे. तो भडकला. उद्या तू कुठल्याही चित्रावरून काहीही ठरवशील, मग आम्ही नियम वाचायचे कशाला, असं म्हणत मधूनच उठून गेला. त्यानंतर तो आमच्यात कधी खेळायला बसला नाही.

त्याला द्यायचं उत्तर मला त्या रात्री सुचलं नव्हतं. ते आता देतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या अशाच खेळाचं 'टूम ऑफ हॉरर्स' हे साहस 1978 मध्ये छापून आलं, तेव्हा त्याबरोबर चित्रांची वेगळी पुस्तिका होती. कशासाठी? गेम मास्टरने खेळाडूंना दाखवण्यासाठी. त्यातला तो हिरव्या राक्षसाचा चेहरा आठवा: तोंड आ वासलेलं, आत मिट्ट काळोख. आत शिरायचं की नाही हे चित्र बघूनच ठरवायचं असतं, आणि जो शिरतो तो संपतो. मग चित्र ही सजावट कशी?

त्याच खेळाच्या, त्याच वर्षीच्या 'प्लेयर्स हँडबुक' या खेळाडूंसाठीच्या नियमपुस्तकाचं डेव्हिड ट्रॅम्पिअरने काढलेलं मुखपृष्ठ घ्या. लढाई होऊन गेलेली आहे. अवाढव्य मूर्तीवर चढून दोघं तिच्या डोळ्यातलं रत्न उचकटतायत, खाली सरड्यांसारखे प्राणी मरून पडलेत आणि बाकीचे पुढच्या तयारीला लागलेत. एकही नियम न वाचलेल्या माणसाला कळतं की या खेळात नुसतं मारामारी करून भागत नाही. नियमांच्या मजकुराने हे सांगायला किती पानं घेतली असती!

मित्राचं ठेवणीतलं उदाहरण म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या 1974 च्या पहिल्या तीन छोट्या पुस्तिका. त्यांतली चित्रं कच्ची होती, काही तर कॉमिक्समधून उतरवलेली, तरी खेळ चाललाच ना? चालला, कारण तसा दुसरा खेळच बाजारात नव्हता. आज ती सवलत कुणाला नाही.

उलट 'मर्क बॉर्ग'बद्दल त्याचं काय म्हणणं आहे ते त्याने मला सांगावं. हा 2020 चा स्वीडिश खेळ. त्याचे नियम चित्रांशिवाय, साध्या मजकुरात, प्रकाशकांनीच फुकट दिलेत. मी आधी तेच वाचले. नियम कळले, पण सेशन कुठल्या आवाजात चालवायचं ते कळेना. मग त्याचा चित्रकार योहान नोहर याची ती पिवळीजर्द, काळी, अंगावर येणारी पानं उघडली आणि पहिलं वाक्य आपोआप तोंडात आलं.

आता तुमच्या कामाचं. मुखपृष्ठावर जाऊ नका, तिथे सगळेच जीव ओततात. आतली पाच-सहा चित्रं बघा. प्रत्येकात कुणीतरी तलवार धरून तुमच्याकडे बघत नुसतं उभं असेल, तर पुस्तक ठेवून द्या. त्या चित्राला विचारण्यासारखं काही नसतं. "इथे काय झालं?", "हे कुणी केलं?" असं मनात आलं तर घ्या, मग चित्र रंगीत असो वा नसो. आणि तुमच्या गटात कुणी "मजकुरात नाही म्हणजे नाही" म्हणत असेल, तर त्याला एकदा स्वतः गेम मास्टर व्हायला लावा.

हां, चित्रांवरच मजकूर छापलेली पुस्तकं ऐन खेळात नियम शोधताना जीव नकोसा करतात. 'मर्क बॉर्ग'ची काही पानंही त्यातलीच, म्हणून ती फुकटची साधी प्रत मी शेजारी उघडून ठेवतो. कुणाची नजर अधू असेल तर चित्र दाखवून भागत नाही, ते शब्दांत सांगावं लागतं. आणि मित्राची एक गोष्ट खरी होती: चित्रातलं काय खरं धरायचं हे मी खेळ सुरू होण्याआधी सांगायला हवं होतं. आता सांगतो.

तो उठून गेला तेव्हा दोरी अजून पाण्यातच होती. चोराने ती हळूहळू वर ओढली. दगड कोरडा होता, असं मी सांगितलं.