कोळशाचा स्मोकर (धुरावर मांस शिजवायची बंद भट्टी) आतून बुरशीने भरलाय आणि झाकणातून काळे पापुद्रे पडतायत. साबणाने घासून चकचकीत करू, की टाकून देऊ?

टाकून देऊ नका. आणि चकचकीत तर अजिबात करू नका.

तुम्ही लिहिलंय की नोव्हेंबरमध्ये शेवटचं चिकन केलं, कव्हर घातलं आणि थेट मार्चमध्ये झाकण उघडलं. झाकणाच्या आतून ‘रंग’ सुटलाय आणि जाळीवर, पाण्याच्या ताटात पांढरी-हिरवी लव आलीय. मी ह्यूस्टनला राहतो. इथला उन्हाळा मुंबईच्या जूनसारखा दमट, त्यामुळे हे दर्शन मला दोनदा घडलंय. तुमच्यासारखाच उभा, तीन भागांचा, ‘बुलेट’ म्हणतात तो स्मोकर माझ्याकडे आहे.

आधी पापुद्रे. तो बहुतेक रंग नाहीच. एक पापुद्रा उचला आणि दोन बोटांत चुरडा. काजळासारखी भुकटी झाली तर ती चरबी आणि धूर मिळून जळून बसलेली पुटं आहेत. तुमचा स्मोकर एनॅमलचा असेल तर गावाकडच्या एनॅमलच्या थाळ्या आठवा. त्यांचा टवका उडतो, पापुद्रा सुटत नाही. ही पुटं विषारी वगैरे नाहीत, पण खालच्या मांसावर पडली की पाहुण्यांसमोर शोभा होते. झाकण गार असताना जुन्या वर्तमानपत्रावर उलटं ठेवा, ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळून गोळा करा आणि घासा. सुटेल तेवढंच काढायचं. जे घट्ट धरून बसलंय त्याच्या मागे लागू नका.

बुरशीला घाबरायचं कारण नाही, पण तिच्यावर थेट मांस लावू नका. तोंडाला मास्क बांधा. ताटातलं पाणी, उरलेला कोळसा, सगळं पिशवीत भरून कचऱ्यात. ते ओशट पाणी सिंकमध्ये ओतू नका, चरबी पाइपात गोठून बसते. मग साचलेली चरबी उलथण्याने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढा. ही पायरी गाळू नका, कारण पुढे आपण मोठा जाळ करणार आहोत आणि आत चरबीचा थर राहिला तर तीच पेटेल. आता ताट बाहेर, खालच्या-वरच्या सगळ्या झडपा पूर्ण उघड्या, आणि चिमणीभर (कोळसा पेटवायचा उभा पत्र्याचा डबा) पेटलेला कोळसा आत. दोनशे सेल्सिअसच्या, म्हणजे चारशे फॅरनहाइटच्या आसपास तासभर जळू द्या. गार झाल्यावर जाळ्या आणि ताट तेवढं गरम पाणी-साबणाने धुवा, लगेच पुसून कोरडं करा. शेवटी जाळ्यांना आणि आतल्या भिंतींना तेलाचा अगदी पातळ हात, आणि १३० सेल्सिअसच्या आसपास दोन तास रिकामा धूर.

असं का, ते बिडाचा तवा वापरणाऱ्याला सांगावं लागत नाही. तेलाचा पातळ थर तापून कडक होतो, लोखंडाला गंजापासून जपतो. स्मोकरचं पोट म्हणजे मोठा बिडाचा तवाच. ते भांड्यासारखं लखलखीत केलंत की, एनॅमल नसेल तिथे, पहिल्याच दमट आठवड्यात गंज धरतो. ओव्हन क्लीनरची तर बाटलीही जवळ आणू नका. तो हा थर उतरवतो आणि झडपा किंवा ताट ॲल्युमिनियमचं असेल तर धातूही खातो.

माझे टेक्सन शेजारी सांगतात, ‘स्मोकर कधीच धुवायचा नाही, चव त्यातच असते.’ हे अर्धं खरं. आत बोट फिरवून बघा. कोरडं, कडक, काळसर चमकदार लागलं तर राहू द्या. बोट चिकटलं, डांबरासारखं काळं झालं, तर काढा. ते डांबर गरम झालं की थेंब-थेंब मांसावर गळतं आणि जिभेला कडू, बधिर करणारी चव येते. येतं कुठून? कोंडलेल्या आगीतून. वरची झडप मिटली, ओलं लाकूड टाकलं, की पांढरा गच्च धूर होतो. आपल्या चुलीत ओला फाटा घातला की डोळे चुरचुरायचे, तोच तो. वरची झडप पूर्ण उघडी ठेवा आणि आग खालच्या झडपांनी सांभाळा. धूर पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा हवा. निम्मी सफाई इथेच वाचते.

आता राख. माझा पहिला स्मोकर राखेनेच संपवला, म्हणजे मी संपवला. स्वस्तातला, पातळ पत्र्याचा होता. एका मे महिन्यात बोकडाची मांडी केली, राख ‘पुढच्या रविवारी काढू’ म्हणून तशीच ठेवली, आणि तो रविवार गणपतीनंतर आला. राखेचा ओला, सिमेंटसारखा गोळा झाला होता. उलथण्याने टोचला तर उलथणं पत्र्यातून आरपार. भोकातून माझी करंगळी सहज गेली.

आजी भांडी राखेने घासायची. राखेतले क्षार पाण्यात उतरून ओशटपणा कापतात, म्हणून ती घासणी. पण हेच क्षार हवेतला ओलावाही ओढून घेतात. स्मोकरच्या तळाशी राख ठेवणं म्हणजे पत्र्यावर खारट ओलं फडकं महिनोन्‌महिने पांघरून ठेवणं. शिवाय ती साचली की खालच्या झडपा बुजतात, आग गुदमरते, आणि पुन्हा तो पांढरा धूर. म्हणून प्रत्येक वेळी राख काढायची. पण त्याच रात्री नाही! वरून गार दिसणाऱ्या राखेच्या पोटात दुसऱ्या दिवशीही निखारा जिवंत असतो. प्लास्टिकच्या कचरापेटीत गरम राख टाकून लोकांनी घरं पेटवून घेतली आहेत. सगळ्या झडपा मिटा, निखारे विझू द्या, दोन दिवसांनी राख झाकणाच्या लोखंडी बादलीत काढा आणि बादली घरापासून लांब, काँक्रीटवर ठेवा. लाकडी डेकवर नको. आणि ब्रिकेटची, म्हणजे भुकटी दाबून केलेल्या कोळशाच्या वड्यांची, राख तुळशीला घालू नका. ब्रिकेटमध्ये नुसतं लाकूड नसतं.

जाळी घासायला तारेचा ब्रश असेल तर तो फेका. त्याची बारीक तार तुटून जाळीला चिकटते आणि घासातून पोटात जाते. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, २०१२ मध्ये र्‍होड आयलंडच्या सहा रुग्णांचा अहवाल छापला होता, कुणाच्या घशात तार अडकलेली, कुणाच्या आतड्याला भोक. मी जाळी तापवतो, लाकडी पट्टीने खरवडतो आणि घावनाच्या तव्याला करतो तसा अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून फिरवतो. कोकणातली माणसं हे करतातच, फक्त त्याला ‘ग्रिल मेंटेनन्स’ म्हणत नाहीत.

किरकोळ गोष्टी. पाण्याच्या ताटाला आधीच फॉइल गुंडाळा, काम झालं की फॉइल गुंडाळून कचऱ्यात. तुमच्या बुरशीचं मूळ बहुधा त्या ताटातलं पाणीच होतं. झाकणाची कड दर वेळी कोमट असतानाच फडक्याने पुसा, नाहीतर गार झाल्यावर झाकण असं चिकटतं की उचलताना मधला भागही सोबत येतो. झाकणावरचा तापमान दाखवणारा काटा वर्षातून एकदा काढून त्याची दांडी उकळत्या पाण्यात धरा. समुद्रसपाटीजवळ तो शंभर सेल्सिअस किंवा २१२ फॅरनहाइट दाखवायला हवा. माझा वीस अंश खोटं बोलत होता आणि मी दोन वर्षं कोंबडीला दोष देत होतो. पावसामुळे स्मोकर गॅरेजमध्ये न्यायचा मोह झाला तर पूर्ण गार झाल्यावरच न्या. धुमसत्या कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही. कव्हरही गार झाल्यावरच, नाहीतर आतली वाफ तिथेच कोंडते. आणि वापर नसला तरी महिन्यातून एकदा झाकण उघडून आत बघा.

एवढं झाल्यावर पहिल्याच दिवशी महागाचं मांस लावू नका. दोन वांगी ठेवा. वांगं आजूबाजूचा वास लगेच धरतं आणि स्वस्त पडतं. भरीत खाऊन बघा. धुराचा वास आला तर चिकन आणायला हरकत नाही, कुबट लागलं तर आणखी एक तास जाळा.